तशी फुकटच पडली!

जुन्या रेकॉर्डींच्या नादाला लागलेला एखादा इसम तुमच्याही ओळखीत असेलच. आमच्या आटगावात तो मान भाऊंचा. काय घेतलं, कितीला घेतलं, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "तशी फुकटच पडली!"

शुक्रवारी भल्या पहाटे लोकल गाठून भाऊ चोरबाजारात जातात. बालगंधर्वांची तबकडी चारशेला. फुकटच! भायखळ्याहून टॅक्सी, नाश्ता, आणि "घ्यायच्या तर सगळ्या घ्या" म्हणून गळ्यात मारलेल्या आणखी तीन तबकड्या, हे भाऊंच्या हिशेबात येत नाही. ते वहिनींच्या दुधाच्या वहीत, मागच्या पानावर येतं.

मग भाऊ मोबाइलवरच्या लिलावात शिरले. मास्टर दीनानाथांची तबकडी 2000 रुपयांना सुटली. फुकटच! वर लिलाववाल्यांचं 20 टक्के कमिशन, म्हणजे 400. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, 72. पॅकिंग आणि कुरिअर 450. झाले 2922. विमा मात्र भाऊंनी बाणेदारपणे नाकारला. मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची, पापडासारखी मोडते. खोकं उघडलं तर दोन तुकडे.

"एकीच्या पैशात दोन आल्या," वहिनी म्हणाल्या. "तशी फुकटच पडली!"

ग्रामोफोनची तर वेगळीच कथा. झगमगता पितळी कर्णा, पेटीवर एचएमव्हीचा कुत्रा. जाणकाराने पाहिलं आणि कर्णा नवा, पेटी नवी, कुत्रासुद्धा चिकटवलेला निघाला. जुनं होतं ते आतलं यंत्र, आणि त्याची स्प्रिंग तुटलेली. दुरुस्तीचा आकडा भाऊ अजून सांगत नाहीत. वहीत आहे.

पण खरं सांगायचं तर पावसाळ्यात वीज गेली की आमच्या आळीत गाणं असतं ते भाऊंच्याच ओटीवर. चावी द्यायची, नवी सुई लावायची (दर बाजूला नवी, तीही फुकट नाही), की खरखरीतून तीन-सव्वातीन मिनिटं बालगंधर्व गातात. शेजारच्या आजी काठी टेकत येतात, पोरं मोबाइल खिशात घालतात, वहिनी सगळ्यांना चहा देतात. एवढ्या चहाचा खर्च त्या वहीत लिहिलेला मला कधी दिसला नाही.

तेव्हा वाचकहो, लिलावात बोली लावण्याआधी कमिशन, कर, पॅकिंग आणि विमा चौघांची बेरीज करा. ती वहिनींना विचारा, भाऊंना नको.