टेन्शनवाल्या काकांस अनावृत पत्र



काल बिडकीनच्या तपासणी शिबिरात यंत्राने रक्तदाब १८०/११० दाखवला आणि आपण सिस्टरलाच समजावलंत, "बाई, हे टेन्शनचं आहे." वा! १४०/९० ची मर्यादा इतरेजनांसाठी. 'बरं वाटतंय' म्हणून गोळ्या बंद केल्यात, तेही थोरच. घरी येऊन मात्र ताट भिरकावलंत, कारण काकूने भाजी अळणी केली होती.

मग ठेच्यावर मीठ, काकडीवर मीठ, ताकात मीठ, जोडीला पापड-लोणचं. "सैंधव चालतं," हे आपलं संशोधन. काका, सैंधवही सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, सरासरी भारतीय ८ च्या आसपास खातो आणि आपण सरासरीत मावणारे नव्हेत.

दुखणं डोक्यातलं आहे, हे मात्र मान्य. पण ते तिथे चढवलं कोणी? खारट जेवणाने रक्तातलं सोडियम वाढलं की हायपोथॅलॅमसजवळच्या पेशींना ते कळतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तिथे विरळ असतो. मग तहान लागते, मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायचा हुकूम सुटतो आणि ज्यांना मीठ बाधतं, त्यांच्या रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतूही चेकाळू शकतात. सावकार दारात आल्यावर चेकाळतात, तेच हे! म्हणजे आपण टेन्शन चिमटीने वाढून घेता.

आणि बोलणी काकूने खायची? तिला तुम्ही जिवंत हवे आहात, एवढाच तिचा गुन्हा ना? उद्या अर्धांग झालं तर तुम्हाला कुशीवर कोण वळवणार, तुमचं टेन्शन? ताट भिरकावताना लाज कशी वाटली नाही?

ऑरिक औद्योगिक नगरीच्या बिडकीन भागातल्या सुमारे ८ हजार एकरांत आपलं रान गेलं, ते मी विसरलेलो नाही. भरउन्हात औत हाकलंत, भाकरीवर मीठ-मिरची घेऊन दिवस काढलेत. तेव्हा घामावाटे मीठ जातही होतं. आता औत नाही, घाम नाही, जीभ तेवढी तीच राहिली. रानाचं दुःख गोळीने उतरायचं नाही, आणि ते उतरवा असं मी म्हणणारही नाही. पण काही आठवडे मीठ कमी केलं की जिभेला कमीच पुरू लागतं.

तेव्हा गोळी आज रात्रीपासून. आणि काकूची माफी त्याआधी.

आपला,
पुतण्या