धोबीपछाड : सचित्र आणि सटीप

कुस्तीवर लिहिणाऱ्यांचा आपल्याकडे कधी तोटा नव्हता. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात मल्लांची प्रतवारी, खुराक आणि मेहनत सगळं नीट लावून दिलं. वजनं पेलणं हा भारश्रम, पोहणं हा सलिलश्रम, खांबावरची मेहनत हा स्तंभश्रम. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांचं तर ‘मल्लपुराण’ नावाचं स्वतंत्र पुराणच आहे. आणि १९३६ ते १९४९ या काळात द. चिं. मजुमदारांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला, तो दहा खंडांचा.

एवढं ज्ञान ज्या कपाटात होतं, त्याची किल्ली माझ्याकडे होती. मी कॉलेजात ग्रंथपाल. गाव कोल्हापूर, सासरे जुने पैलवान. पाहुण्यांना ते माझी ओळख करून देत, “आमचं जावईबापू. पुस्तकं मोजत्यात.” ‘मोजत्यात’ म्हणताना ते माझ्या दंडाकडे बघत आणि पुढे काही बोलत नसत.

तेव्हा त्यांना न कळवता, शास्त्रशुद्ध तयारी करून एक दिवस थेट डाव दाखवायचा असं मी ठरवलं. एकेरी पट, ढाक, कलाजंग असं सगळं चाळून शेवटी धोबीपछाड निवडला. एका सचित्र पुस्तकात त्याची चार छायाचित्रं होती. पहिल्यात दोघे समोरासमोर. दुसऱ्यात एकाने दुसऱ्याचा हात दोन्ही हातांनी धरलेला. तिसऱ्यात तो दुसरा पहिल्याच्या पाठीवर, पाय आभाळात. चौथ्यात चीतपट. वाचून इतकं सोपं वाटलं की सोमेश्वराने उगाच पाल्हाळ लावला असावा.

प्रयोगासाठी मेहुणा मिळाला. तो बँकेत, म्हणजे त्या घरातला दुसरा निराशाजनक पुरुष. गाद्या घातल्या. अडचण एवढीच की डावाला दोन्ही हात लागतात, मग पुस्तक कोण धरणार? ते काम बायकोने घेतलं आणि श्रावणातल्या पोथीसारखं सुरात वाचायला लागली. हात धरावा. धरला. पाठ फिरवून खांद्यावर घ्यावा. घेतला. मेहुणा सगळाच्या सगळा माझ्या पाठीवर आला, आणि नेमकं तिथे पान संपलं.

“पुढे?” मी खालून विचारलं.

“थांबा हो, पानं चिकटलीत.” जिभेला बोट लावून तिने पान उलटलं आणि त्याच सुरात वाचलं, “नंतर कोमट तिळेलाने हलक्या हाताने मर्दन करावे.”

दोन पानं एकदम उलटली होती. पण पुढच्या आठवडाभरात उपयोग झाला तो याच सूचनेचा.

बातमी सासऱ्यांपर्यंत पोचलीच. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. “वस्तादाकडं जावा,” म्हणाले, “आन् पुस्तक घरी ठेवून जावा.”

वस्तादांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि हातात फावडं दिलं. हौद्यातली माती रोज खणायची, ढेकळं फोडायची, मग जोर, मग बैठका. डावाचं नाव नाही. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात हे मला पाठ होतं. पुस्तकात घटक दिले होते, चव दिली नव्हती. ती पहिल्याच लढतीत कळली. समोर शाळकरी पोरगं. मी दुसऱ्या छायाचित्राच्या पवित्र्यात उभा राहिलो, तो माझा एक पाय घेऊन निघूनही गेला. आस्मान दाखवणं म्हणतात ते हेच. तालमीला छप्पर असल्यामुळे मला कौलं दिसली.

“मी हात धरणारच होतो,” मी म्हणालो.

“सर, पुस्तकातला गडी हुबा ऱ्हातोय,” वस्ताद म्हणाले. “ह्यो पळतोय.”

मग त्यांनी पोराला उभं केलं, त्याचं मनगट माझ्या हातात दिलं आणि वरून माझ्या हातावर आपला हात ठेवून जरासा झोल दिला. “आता ह्याचा भार कुठल्या पायावर हाय?” मी खाली वाकून बघायला लागलो तशी मानेवर थाप बसली. “बघायचं न्हाई. हातातनं कळाय पायजे.”

छायाचित्रकार हौद्याबाहेर उभा असतो, त्यामुळे त्याला दोन्ही पैलवान दिसतात. आत गेल्यावर तुम्हाला दिसते फक्त कुणाची तरी बगल. कोण कुठे झुकलाय, कधी झुकणार, हे कातडीने वाचावं लागतं, आणि ती मुळाक्षरं गिरवून घेणारा हात कुठल्याच बांधणीत शिवता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या छायाचित्राच्या मध्ये वस्ताद उभे होते.

बऱ्याच फावड्यांनंतर मी ते पुस्तक पुन्हा उघडलं. दुसऱ्या छायाचित्रात ज्याचा हात धरलाय, त्या गड्याची टाच जमिनीपासून किंचित सुटलेली होती. तो आधीच पुढे झुकला होता! पुस्तकाने काही लपवलं नव्हतं. ते वाचायला लागणारं अंगच माझ्याकडे नव्हतं. मजुमदारांचे खंड निघाले तेव्हा गावोगावी तालमी होत्या. सकाळी मातीत पडून आलेल्या माणसाने रात्री उघडायचं ते पुस्तक मी गादीवर उघडलं होतं.

आता त्या पोराची आणि माझी चांगली गट्टी आहे. त्याला डाव येतात, मला त्यांची नावं. परवा त्याने मला पालथा पाडून वर सवारी भरली आणि कानाशी विचारलं, “सर, ह्याची तोड आसती का वो पुस्तकात?”

“असते ना,” मातीत तोंड असतानाही मी अभिमानाने म्हणालो. “पुढच्याच पानावर.”

“मंग उलटा की पान!”