मुधोळच्या वाटेवरील रेंजबाईंना खुले पत्र

प्रति,
श्रीमती रेंजबाई,
मुक्काम पोस्ट टॉवर

विषय : सायकलस्वारास दर्शन देण्याबाबत

स. न. वि. वि.

धर्माबाद सोडून, बासरच्या सरस्वतीला हात जोडून आम्ही सायकलवाले मुधोळमार्गे भैंशाकडे वळतो. हद्द ओलांडली तरी कानावर मराठी पडतच असते. रस्त्यालाही हद्द कळत नाही. ती कळते फक्त आपल्याला. तेलंगण राज्य 2014 मध्ये झाले, 2016 मध्ये मुधोळ आदिलाबादेतून निघून निर्मल जिल्ह्यात गेले. आपण मात्र दूरसंचार परवान्याच्या नकाशात अजून ‘आंध्र प्रदेश’ सर्कलमध्येच आहात. एवढी निष्ठा हल्ली आमदारांतही उरलेली नाही.

कापूस-सोयाबीनच्या रानात आपण गायब होता, याबद्दल तक्रार नाही. गिऱ्हाईक थोडे, म्हणून टॉवर विरळ; कंपनीचे गणित समजते. समजत नाही ती ‘फक्त आपत्कालीन कॉल’ ही पाटी. ती दिसली की बहुधा टॉवर असतो, लहरीही पोचत असतात. फक्त टॉवर दुसऱ्या कंपनीचा असतो. 112 लावला तर आपण तो त्याच टॉवरवरून बिनतक्रार नेता. पण ‘पंक्चर झालंय, ट्यूब घेऊन ये’ एवढे सोबत्याला कळवायचे, तर आधी सिम कुणाचे ते विचारता. पाय मोडला तर आपण आमच्या, चाक मोडले तर परक्या!

हे जमत नाही असेही नाही. डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीची सेवा घेण्याची सोय जानेवारी 2025 मध्ये सुरू झाली. म्हणजे सरकारी पैसा लागला की आपले सोवळे सुटते.

ही सोय सगळ्या टॉवरांवर होईतोवर आम्ही नकाशा घरूनच उतरवून घेतो, दोन कंपन्यांची सिम बाळगतो. आपल्याला शोधण्यात फोनची बॅटरी संपते, म्हणून उजाड पट्ट्यात तो विमान मोडवर टाकतो. पायडल मारणाऱ्याला विमानाचा मान आपल्यामुळेच मिळाला, याबद्दल आभारी आहोत.

मागणी एकच. जिथे एकाच कंपनीचा टॉवर आहे, तिथे तो सर्वांचा मानावा. हिशेब कंपन्यांनी आपसांत करावा. परदेशी पाहुण्याच्या फोनसाठी त्या तो करतातच. हे अवघड वाटत असेल, तर निदान पंक्चरचा समावेश आपत्तीत करावा.

आपला कृपाभिलाषी,
दोन सिमांचा एक सायकलस्वार