बोलण्यापुरता फोन

आमच्या आत्याची बॅटरी फुगली. म्हणजे तिच्या फोनची. आत्या ठणठणीत आहे. फोन नोकिया 1100. 2003 साली आलेलं हे मॉडेल जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपलं, आणि घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ते टॉर्चसाठीच घेतलं असावं असा माझा संशय आहे. लोडशेडिंगच्या काळात सदाशिव पेठेतला वाड्याचा जिना आत्या त्या टॉर्चवर चढली-उतरली. पुढे बॅटरी इतकी फुगली की मागचं झाकण बसेना. मग रबरबँड आलं. तेही तुटलं तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, एक फोन आणायचाय. बोलण्यापुरता."

मागणी साधी वाटते. पुण्याच्या तपकीर गल्लीत, फोनच्या दुकानात जाऊन करून बघा.

काउंटरमागच्या पोराचा पहिला प्रश्न, "काका, बजेट?" बजेट सांगितलं की त्याच्या दीडपट किमतीचा फोन बाहेर येतो, आणि 'काका, थोडं पुढं गेलात तर' अशी सुरुवात होते. थोडं पुढं गेलं की पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतो, अजून थोडं पुढं गेलं की पाण्यात पडला तरी चालणारा फोन मिळतो. रॅम, प्रोसेसर, रिफ्रेश रेट असं सगळं त्याने एका दमात म्हणून दाखवलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि आवाज?"

"आजी, स्टिरिओ स्पीकर!"

"अरे, माझा आवाज. समोरच्याला नीट जातो का?"

पोरगा गडबडला. हा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारलेलाच नव्हता. उत्तर देणंही शक्य नव्हतं, कारण मांडलेले सगळे डेमो पीस काउंटरला गुंडाळीच्या वायरने बांधलेले. आत्याने एक उचलून कानाला लावायला घेतला, तर वायर हनुवटीपर्यंतच आली. आत सिमही नव्हतं. त्या फोनवर मी फोटो काढला, गेम खेळलो, आत्याचा चेहरा वीस वर्षांनी तरुण करून पाहिला (तिला आवडला नाही). फक्त 'हॅलो' म्हणता आलं नाही. फोनच्या दुकानात फोन करून बघायची सोय नसते, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

मग पैशांचं. "नो कॉस्ट ईएमआय आहे, काका, एक रुपया व्याज नाही." रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी चीज अस्तित्वातच नसते. ते व्याज फोनच्या किमतीत तरी असतं, नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत मुरवलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर घेतला तर नसलेल्या त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी मात्र खरोखरीचा. हे मी त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "काका, टेम्पर्ड ग्लास टाकू का?"

शेवटी मी 'कीपॅडवाला दाखव' म्हटलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. कीपॅडचे फोन खालच्या ड्रॉवरमध्ये, चार्जिंग केबलींच्या गुंत्याखाली असतात. इथे एक गोष्ट जपा. या ड्रॉवरमध्ये अजून निव्वळ टूजीवर चालणारे फोन निघतात, आणि ज्या कंपनीचं जाळं फोरजीपासूनच सुरू होतं तिचं सिम त्यांत टाकलं तर फोनची टॉर्च तेवढी चालते. आत्याला पुन्हा टॉर्चच मिळाली असती म्हणा, पण तेवढ्यासाठी गल्लीत येण्याचं कारण नव्हतं.

फोन ठरला, आता पॅक. इथे आमच्या आत्याचं पंचांगाचं ज्ञान कामी आलं.

"एका महिन्याचा सांग."

"अठ्ठावीस दिवसांचा आहे, आजी."

"मग तो महिना नाही."

365 भागिले 28. तेरा येतात. म्हणजे कंपन्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं. आपल्याकडेही तेरावा महिना आहे, पण अधिक मास साधारण तेहेतीस महिन्यांतून एकदा येतो. यांचा दरवर्षी येतो, आणि तेहेतीस अनारशांचं वाण घ्यायला कंपनी जावयासारखी दारात उभी. 2022 साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दटावलं की प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा ठेवलाच पाहिजे. ठेवलाय. अंगठा दुखेपर्यंत स्क्रीन सरकवली की दिसतो.

"यात रोज दीड जीबी डेटा," पोरगा म्हणाला.

"मला नको. नाही वापरला तर?"

"रात्री बारा वाजता संपतो."

"मी झोपल्यावर?"

"हो, आजी."

"आणि पैसे?"

पैशांचं काय होतं ते सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणी बोललं नाही.

गंमत बघा. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. त्या काळी मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत जायचा, आणि समोरून आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. इनकमिंग फुकट व्हायला 2003 उजाडलं. तोवर माणसं खिशातल्या फोनवर नंबर बघायची आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवरून उलटा फोन करायची. बोलणं महाग होतं, म्हणून कंपन्या बोलणं विकायच्या. 2016 नंतर ते फुकटात जमा झालं आणि फोनवर बोलणारं गिऱ्हाईक दुकानात अडगळ होऊन बसलं. माझं ठाम मत आहे की आत्याचा खरा गुन्हा एवढाच की तिला ज्यात हशील उरलेला नाही तेच हवंय.

नंबर मात्र तिला जुनाच हवा होता. "अख्ख्या गोतावळ्याला पाठ आहे तो." आणि कंपनी बदलायची होती, कारण जुन्या कंपनीची रेंज तिच्या घरात फक्त मोरीच्या खिडकीपाशी यायची. (रेंजचं कंपनीच्या नकाशाला विचारू नका, त्यावर अख्खी पेठ रंगवलेली असते. शेजारच्या काकूंना विचारा. कुठल्या खोलीत कुठली कंपनी येते हे त्यांना मजल्यासकट ठाऊक असतं.) नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. 1900 वर पोर्ट असं लिहून पुढे नंबर टाकून मेसेज करायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. त्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामकाजाचे दिवस.

सर्कल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई महाराष्ट्रात नाही. मुंबईचं सर्कल वेगळं, आणि आपलं 'महाराष्ट्र व गोवा'. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला ही बातमी त्या खात्यापर्यंत पोचलेली नाही. उलट 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला साफ नकार दिलेला गोवा त्यांनी परस्पर आणून बसवलाय. रोमिंगचे पैसे होते त्या काळात पुण्याचा माणूस घाट उतरून मुंबईकडे निघाला की परमुलखात जायचा, आणि पणजीला मात्र घरच्या दरात बोलायचा.

कोड मागितल्यावर काही वेळातच जुन्या कंपनीतून फोन आला. इतकी वर्षं यांनी आत्याची विचारपूस केली नव्हती. सिम माझ्या फोनमध्ये होतं, मी स्पीकर लावून आत्याकडे दिला.

"मॅडम, आमच्याकडून काही चुकलं का?"

"तू कुठला रे?"

"मॅडम, तुमच्यासाठी एक स्पेशल ऑफर..."

"जेवलास का? आवाज बसलाय तुझा. रात्रपाळी असते का?"

पुढे त्या मुलाचं गाव, बहिणीचं लग्न आणि खोलीचं भाडं निघालं. ऑफर राहिली ती राहिलीच. शेवटी त्यानेच 'ठेवतो, आजी, काळजी घ्या' म्हणून फोन ठेवला. बोलण्यापुरता फोन म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

नवं सिम घेताना फोटो लागतो, आणि समोर जिवंत माणूस आहे याची ॲपला खात्री पटवावी लागते.

"आजी, डोळे मिचकावा."

"भर दुकानात?"

"तसं केल्याशिवाय फोटो निघत नाही."

आत्याने इकडेतिकडे बघितलं आणि एकच डोळा मिचकावला. ॲपला तेवढं पुरेना. दोन्ही मिचकावले तेव्हा शेजारच्या काउंटरवरचे दोघे हसले आणि तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी काही न घेताच दुकान सोडलं.

आता वाचकहो, तुमच्या घरीही अशी एखादी आत्या, मावशी किंवा सासरे असतील, तर एवढं ध्यानात ठेवा. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला एक तरी रिचार्ज ठेवणं सक्तीचं केलं. असे पॅक आहेत, 84 दिवसांचे आणि वर्षभराचे. फक्त 'वर्ष' ऐकल्यावर दिवस किती ते विचारा, कारण असं एक वर्ष मी 336 दिवसांचं पाहिलंय. दुकानदार आधी 'तसलं काही नसतं' म्हणेल, मग 'त्यापेक्षा हा घ्या, दीड जीबी मिळेल' म्हणेल. हलू नका. काउंटरवर कोपर टेकवून पुन्हा विचारा. मिळतो.