भाऊ हाय की टॉल?

नववीतल्या भाच्याने परीक्षेत लिहिलं, 'माय ब्रदर इज हाय.' बाईंनी त्यावर लाल गोल मारला. भाचा पेपर घेऊन तरातरा माझ्या किराणा दुकानात आला. "मामा, तुम्हीच सांगितलं होतं, टॉल म्हणजे उंच आणि हाय म्हणजे पण उंच!"

सांगितलं होतं खरं. डिक्शनरीतही तेच होतं. आमच्या गंगापूरच्या बोलीत तर वाक्यात काडीची चूक नव्हती. भाऊ हाय, घरीच हाय. इंग्रजीत मात्र पोरगा नशेत निघाला.

अब्रू वाचवायला मी गल्ल्यावरूनच शिकवणी सुरू केली. "सहलीला दौलताबादला गेला होतास ना? उंच, सडपातळ चांदमिनार, तो टॉल. किल्ल्याचा ऐसपैस डोंगर, तो हाय."

"आणि आपला ऊस?"

"टॉल."

"ती वरची फळी?"

"हाय. तिला स्वतःची उंची नाही, जागा तेवढी उंच मिळालीय."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "कडक चहापत्ती द्या पावशेर. अन् लिहून ठेवा."

"मामा, कडकला इंग्रजीत काय?"

"हार्ड."

"हार्ड टी?"

मी जीभ चावली. चहा स्ट्राँग, शिळी भाकरी हार्ड, मास्तर स्ट्रिक्ट, कोरी नोट क्रिस्प. आपला एकटा कडक जे काम करतो, त्याला इंग्रजांनी चार गडी लावलेत.

उधारी वहीत मांडता मांडता मीच विचारलं, "आता तू सांग. उधार आणि उसनं यात फरक काय?"

"दुकानातून आणलं ते उधार, शेजारून आणलं ते उसनं."

"कोणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? आई वाटी देऊन साखर आणायला पाठवते की!"

लाहोरला इंग्रजी शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हेच मांडलं, की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. आपल्याकडे ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याने ते कधीच सिद्ध करून ठेवलं होतं. डिक्शनरी वाण सांगते, गुण शेजारचा शब्द लावतो.

तेव्हा मंडळी, पोरांना शब्द पाठ करायला द्यायचाच, तर एकटा देऊ नका. दावणीला शेजारी कोण बांधलाय, तेही सांगा. नाहीतर घरात बसलेला सज्जन भाऊ परीक्षेत पिऊन येतो.