घरच्या शाळेतला मलिक अंबर

मुलीला शाळेतून काढल्यावर प्रस्तुत लेखकाने पहिले काम केले ते शाळा काढण्याचे. औरंगपुऱ्यातून पांढरा फळा आला, चार रंगांचे मार्कर आले, फायली आल्या आणि कुणी मागितलेली नसताना एक पितळी घंटाही आली. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, वर्गशिक्षक आणि अभ्यासक्रम मंडळाचे अध्यक्ष ही चारही पदे लेखकाकडे बिनविरोध गेली. शिपायाची जागा रिक्त राहिली. ती मुलीच्या आईला देऊ करावी असे मनात आले होते, पण ती बँकेत नोकरीला आहे आणि तिच्याच पगारावर ही संस्था चालायची होती.

शाळा का सोडली ते इथे सांगत बसण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात सातवीतले मूल आहे त्यांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून पटत नाही. शेजारच्या मावशी मूळच्या पैठणच्या. त्यांनी तेवढे विचारले, “कामून काढलं? नापास झाली का पोरगी?”

“नाही हो, चांगले मार्क होते.”

“मंग तुम्ही नापास झालात का?”

लेखक हसला आणि कायद्याच्या अभ्यासाला लागला. शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याचे दहावे कलम म्हणते की मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे. नाही घातले तर पालकाचे काय करायचे, याबद्दल मात्र कायदा मौन पाळतो. हे वाचून दाखवल्यावर मुलीची आई म्हणाली, “अगदी माझ्यासारखंच आहे की. सांगायचं, आणि ऐकलं नाही की गप्प बसायचं.” पुढची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयात आहे. वयाची 14 वर्षे झाली की तिथे दहावीला नाव घालता येते. आठवीचा दाखला नसेल तर आपण तेवढे शिकलो आहोत असे स्वतःच लिहून दिले तरी चालते. लेखकाच्या इंजिनिअरिंगच्या काळात अशी सोय असती तर त्याची दोन वर्षे वाचली असती.

प्रेरणेलाही तोटा नव्हता. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली. आईने नोकरी सोडून तिच्यासाठी घरी अभ्यासक्रम आखला. मुलगी प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदके घेऊन आली आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. आपल्याकडच्या आयआयटीत तिला जागा नव्हती, कारण बारावीचा दाखला नव्हता. यातले आईने नोकरी सोडल्याचे वाक्य लेखकाच्या नजरेतून निसटले. एमआयटी तेवढे लक्षात राहिले. वर्तमानपत्राला द्यायच्या मुलाखतीतला ‘आम्ही तिच्यावर काहीच लादलं नाही’ हा भाग तर त्याने अंघोळ करता करता तयारसुद्धा केला.

तशी ही परंपरा आपल्याकडे जुनीच. पंडिता रमाबाई शाळेचे तोंड न पाहता आईकडून संस्कृत शिकल्या, तेही तीर्थक्षेत्रे पायी हिंडत, पुराणे सांगून पोट भरणाऱ्या घरात. आनंदीबाई जोशींचे शिक्षक त्यांचे पती. लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. अभ्यास टाकून स्वयंपाकघरात रमल्या म्हणून गोपाळराव त्यांच्यावर हात उचलत. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविशी गाठण्याआधी गेल्या. शिकवणाऱ्याची हौस शिकणाऱ्याच्या अंगावर किती वजनाने बसते, हे त्या चरित्रात पानोपानी दिसते. लेखकाने ती पाने जरा भराभर उलटली.

मग वेळापत्रक झाले. सोमवार ते शनिवार, रंगीत चौकटी, फिनलंडचे थोडे, जपानचे थोडे, नालंदाचे बरेचसे. मुलीने ते शेवटपर्यंत वाचले. प्रत्येक चौकटीत ‘चर्चा’ असा शब्द होता.

“बाबा, चर्चा म्हणजे तुम्ही बोलणार ना?”

या प्रश्नाची नोंद ‘चिकित्सक वृत्ती’ या सदरात करून लेखकाने गणिताला हात घातला. पाठ्यपुस्तकातली तीच ती रंगाऱ्यांची आणि आगगाड्यांची गणिते त्याला नको होती, स्थानिक हवी होती. जुन्या तवारिखेत म्हटले आहे की बीबी का मकबऱ्यासाठी औरंगजेबाने सात लाख रुपये दिले आणि खर्च झाला 6,68,203 रुपये 7 आणे. तर उरले किती? आणा म्हणजे काय ते समजून घेऊन मुलीने उत्तर काढले: 31,796 रुपये 9 आणे. लेखक टाळी वाजवणार तोच तिने विचारले, “मग ते परत केले का?”

हे तवारिखेत नाही, असे म्हणून लेखक मलिक अंबरकडे गेला. तसा तो कुठूनही मलिक अंबरकडेच जातो. इथून पुढचा मजकूर वाचकांनी वगळला तरी चालेल. घरातले लोक वगळतातच.

पण माणूस कसला! इथिओपियात जन्मलेले पोर गुलाम म्हणून विकले जाते, बगदादच्या बाजारातून फिरत फिरत दख्खनमध्ये येते आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होते. शहाजीराजे ज्या फौजेत लढले त्या फौजेचा हा सेनानी. जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका जळे की त्याचे मुंडके भाल्यावर लावून आपण बाण मारतो आहोत असे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात ते डोके काही हाती लागले नाही. जमीन मोजून, पीक पाहून सारा ठरवण्याची अंबरची पद्धत पुढच्यांनी उचलली. 1610 मध्ये त्याने खडकी गावाला राजधानी केले. तेच हे आमचे शहर. आणि मग पाणी! उत्तरेकडच्या डोंगरांच्या पोटात झिरपणारे पाणी त्याने भुयारी नहरीत गोळा केले आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणले. मध्ये मध्ये बंबे उभारले. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते आणि पाण्याचा दाब आवरतो. पंप नाही, वीज नाही, निविदा नाही. पाणचक्की नंतरच्या काळातली, पण युक्ती याच जातीची: मातीच्या नळांतून आलेले पाणी भिंतीतून वर चढते, उंचावरून हौदात पडते, खाली जाते फिरते. त्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या मोठ्या दालनाचे छत. म्हणजे बघा, इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र, महसूल...

“बाबा, भूमिती चाललीय.”

“उतार म्हणजे भूमितीच.”

मराठीच्या तासाला मलिक अंबरला पत्र झाले. इंग्रजीच्या तासाला त्याच पत्राचे भाषांतर झाले. चित्रकलेला त्याचाच भडकल दरवाजा. कार्यानुभवाला प्लास्टिकच्या नळीचा वक्रनलिका प्रयोग ठरला होता, तो मात्र राहिला. घरात त्या दिवशी पाणी नव्हते.

इथे वेळापत्रक मोडले, ते आजतागायत सरळ झालेले नाही. या शहरात वेळ घड्याळावर नाही, नळावर असते. पाणी कधी पाचव्या दिवशी येते, कधी आठव्या. उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. आले की घरातली सगळी ज्ञानसाधना बंद. हौद, पिंप, बादल्या, कळशी, कुकरचे भांडे, जे हाती लागेल ते. फिनलंडच्या चौकटीत नळ, जपानच्या चौकटीत टँकर. पितळी घंटेचा पहिला उपयोगही याच कामी झाला: पाणी आल्याची वर्दी वरच्या मजल्यावर द्यायला ती उत्तम.

“मलिक अंबरच्या नळाला रोज पाणी यायचं?” मुलीने बादली सरकवत विचारले.

लेखकाला भाषण सुचले नाही. जायकवाडीची कोनशिला 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. त्याचा जलाशय, नाथसागर, इथून तासा-दीड तासावर आहे. भरला की लोक सहकुटुंब बघायला जातात आणि परत येऊन टँकरवाल्याला फोन करतात. नव्या जलवाहिनीची योजना 2020 मध्ये 1,680 कोटींची होती, पुढे ती 2,740 कोटींवर गेली. या मधल्या वर्षांत दुसरीतल्या मुली सातवीत गेल्या. बादल्या उचलणे त्यांना वर्गातल्या कुठल्याही धड्यापेक्षा पक्के येते आणि यात विनोद करण्यासारखे काही नाही.

मुलीने मात्र वही काढली. कुठल्या वारी पाणी आले, किती वाजता, किती वेळ, किती बादल्या. ही नोंद तिला कोणी सांगितली नव्हती, ती कोणत्याच चौकटीत नव्हती. काही आठवड्यांनी तिने आलेख काढला, सरासरी काढली आणि सरासरी खोटे बोलते असा शेरा मारला: सरासरीप्रमाणे ज्या दिवशी यायला हवे त्या दिवशी पाणी एकदाही आले नव्हते. लेखक तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. शाळेत तिने असेच काहीबाही विचारले की ‘हे परीक्षेला नाही’ असे उत्तर यायचे. पुढे पुढे घरी आल्यावरसुद्धा ती काही विचारीनाशी झाली होती. तेव्हा त्या घरात फार शांतता असायची. आता फार त्रास होतो.

परवा पाण्याच्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन लाइनमन काकांना गाठून उभी राहिली. त्यांनी रस्त्यातले झाकण उचलले, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत घातली आणि आट्या मोजत व्हॉल्व्ह फिरवला. पाइपच्या शेवटच्या घरांना दाब का मिळत नाही, वरची गल्ली आधी का सोडावी लागते, हे त्यांनी चावीच्या टोकाने मातीत रेघा ओढून दाखवले. हवा धरली की नळ कसा फुरफुरतो त्याचा आवाजही काढून दाखवला. बंब्याचे जे गूढ लेखकाने दोन तास आणि तीन रंगांचे मार्कर घालवून समजावले होते, ते तिला तिथे उभ्याउभ्या कळले.

“कोणत्या शाळेत गं तू?” काकांनी चावी खांद्यावर टाकत विचारले.

“घरीच शिकते.”

“मंग सर कुठंयत?”

“मोटर लावायला गेलेत.”