पॉइंटवाले दादा

नेरळ स्टेशनात लोकल थांबली की उतरणाऱ्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाला घरी जायचं असतं. त्यांच्या हातात भाजीची पिशवी असते आणि ते कुणाकडे न बघता चालू लागतात. दुसरा गट आधी थांबतो, मग डोंगराकडे बघतो, मग मोबाइलकडे बघतो. मोबाइलवरून मान वर होते तेव्हा समोर दादा उभे असतात.

दादा हे नाव नव्हे, हुद्दा आहे. या हुद्द्याची माणसं स्टँडवर ढिगाने सापडतील. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गळ्यात रुमाल, खिशात कंगवा आणि बोटाभोवती गरगरणारी गाडीची किल्ली. पहिलं वाक्य, "माथेरान?" हा प्रश्न नसतो, निकाल असतो. दुसरं वाक्य, "दोनच सीट बाकी." गाडीत चिटपाखरू नसलं तरी दोनच सीट बाकी असतात. आणि ती सात माणसं कोंबून सुटली तरीही, वाटेत कुणी हात केला तर, दोनच सीट बाकी असतात.

डोंगर दादांना तोंडपाठ असतो. मात्र गिऱ्हाइकाला तो जसाच्या तसा देणं त्यांना हॉटेलात बिनफोडणीची आमटी वाढण्यासारखं वाटतं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानावर चढला, हे पुस्तकात आहे. दादांच्या आवृत्तीत त्याला वाट दाखवणारा माणूस दादांच्या आजोबांचा आजोबा असतो. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशांतून नेरळ-माथेरान गाडी बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली, हेही पुस्तकात आहे. दादा सांगतात, "शेठला स्टँडवर सीट मिळाली नाय. तो म्हणाला, थांबा, रेल्वेच टाकतो. तेव्हापासून आम्ही कुणाला सीट नाय म्हणत नाय."

असे हे दादा समुद्राच्या धंद्यात कसे उतरले, ते सांगायला हवं.

गेल्या काही वर्षांत नेरळच्या आसपास इमारती आणि शनिवार-रविवारचे बंगले उगवले. त्यांत आमचंही एक घर आहे. या घरांत पाहुणे येतात. पहिल्या खेपेला ते माथेरान बघतात, दुसऱ्या खेपेला पावसातलं माथेरान बघतात, आणि तिसऱ्या खेपेला विचारतात, "इथे दुसरं काय आहे?" दादांनी हे हेरलं. गाडीच्या मागच्या काचेवर अक्षरं चिकटली, 'समुद्र दर्शन व वन्यप्राणी, प्रायवेट, एक दिवस, सोबत गाईड'. आता नेरळपासून समुद्र किती लांब, तर आमच्याकडे मासळीसुद्धा बर्फात बसून येते. पण "करतो ना" या दोन शब्दांपुढे भूगोल टिकत नाही.

माघातल्या एका रविवारी माझा मेव्हणा दादरहून दुधीभोपळ्याएवढी लेन्स लावलेला कॅमेरा आणि आपली बारा वर्षांची मुलगी घेऊन आला. त्याने काच वाचली.

"प्राणी खरंच दिसतील?" त्याने विचारलं.

"गॅरंटी."

"कोणते?"

"जे असतील ते."

एवढं प्रामाणिक उत्तर त्या दिवशी पुन्हा कानावर पडलं नाही.

निघायची वेळ सकाळी सहाची ठरली होती. सात वाजता दादा आले, ते पुढच्या सीटवर एका आजींना बसवूनच. "ह्या आमच्या वहिनीची आई. कर्जतपर्यंतच." कर्जतला आजी उतरल्या आणि पोयनाडला जाणारं तांदळाचं पोतं चढलं. चौकला पनवेलकडे निघालेला एक शाळामास्तर चढला. मेव्हणा हळूच म्हणाला, "दादा, प्रायव्हेट ठरलं होतं ना?" दादांनी आरशातून त्याच्याकडे आपुलकीने पाहिलं. "सगळी घरचीच माणसं हायत, साहेब. बाहेरचा एक नाय." तेव्हा मला उलगडा झाला. ज्या माणसाने तीस वर्षं सीट भरल्याशिवाय गाडी हलवली नाही, त्याच्या सात सीटच्या गाडीत त्याला धरून आम्ही चार जण म्हणजे तीन उघड्या जखमा होतो. खाजगी सहल म्हणजे त्यांच्या खाजगी कामांची सहल, आणि आम्ही त्या कामांचं डिझेल.

वाटेत मुलीने एका फलकावर भाई कोतवालांचं नाव वाचलं आणि विचारलं, "हे कोण?" मी कान टवकारले. आता आजोबांचे आजोबा येणार! पण दादा नुसते म्हणाले, "आपले भाई. माथेरानचे. सिद्धगडावर गेले." कपाळाला हात लावला आणि गिअर बदलला. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळीबारात सिद्धगडावर पडलेल्या माणसाबद्दल, ज्याच्यावर दादा तासभर बोलू शकले असते, त्यांनी पाच शब्दांत उरकलं. तेव्हा मला ते नुसतं चमत्कारिक वाटलं. पुढे आठवलं.

कर्नाळ्याच्या अभयारण्यात पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मास्तर त्याआधीच उतरले होते. "पक्षी कुठेत?" मुलीने विचारलं. "ड्युटीवर गेले. सकाळी यायला पायजे," असं दादा म्हणाले, आणि सकाळी कुणामुळे येता आलं नाही हा विषय टाळण्यासाठी त्यांनी लगेच किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दाखवला. तेवढ्यात झाडीतून लागोपाठ तीन वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज आले. मेव्हण्याने लेन्स वळवली, तर फांदीवर एकटाच भृंगराज, शेपटीची दोन लांब पिसं हलवत बसलेला. हा पठ्ठ्या इतर पक्ष्यांच्या आवाजाच्या नकला करतो. जे शिकारी पक्षी आसपास नसतात, त्यांचेसुद्धा आवाज काढतो. "बघा," दादा म्हणाले, "एकात तीन दाखवले." मी एकदा फांदीकडे पाहिलं आणि एकदा दादांकडे. दोघांचाही धंदा एकच होता.

पेण गेलं, वडखळ गेलं, पोयनाडला पोतं उतरलं, आणि दादांनी आपलं खरं हत्यार बाहेर काढलं. अलिबागेत कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. ती वेळ कशी काढायची, ते त्यांना पोयनाडच्या साडूने शिकवलं होतं. "तिथीची पाऊणपट करायची. तितक्या वाजता भरती. आज अष्टमी. आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. बाराला आपण कोरड्या पायाने किल्ल्यात." हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो खरा आहे. मेव्हण्याने मोबाइलवर पडताळून पाहिलं, तर दहा-वीस मिनिटांचाच फरक. दादरच्या माणसाच्या डोळ्यांत प्रथमच आदर दिसला.

बारा वाजता आम्ही किनाऱ्यावर उभे. समोर किल्ला, आणि मध्ये पाणी. ओहोटीचं, शांत, पण चांगलं मांडीपर्यंत येईल एवढं.

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या कोळीणबाईंनी आमचे वर गुंडाळलेले पायजमे पाहिले. "आज नाय व्हायचं. आज भांग हाय."

दादा दचकले. "मावशे, दुपारी बारा वाजता?"

मावशी इतक्या हसल्या की टोपलीवरचा कावळा उडाला. भांग म्हणजे काय, ते मग त्यांनीच सांगितलं. पुनवेला नि अवसेला समुद्राला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा ते धड चढत नाही, धड उतरत नाही. वेळ बरोबर, पण पाणी हटत नाही. साडूने दादांना घड्याळ शिकवलं होतं, खोली शिकवायची राहिली होती. दादांनी तिथीची पाऊणपट केली, तर समुद्रही पाऊणच ओसरला.

पण दादांना बुडवणं इतकं सोपं नाही. किनाऱ्यावर किल्ल्यापर्यंत नेणाऱ्या घोडागाड्या उभ्या होत्या. घोडा दिसताच हा डोंगरातला माणूस एकदम घरी आला. त्यांनी खूर पाहिले, दात पाहिले, नाल कुणी मारला ते विचारलं, आणि गाडीवाल्याशी माथेरानच्या भावात घासाघीस केली. पाणी उडवत आम्ही किल्ल्यात शिरलो. शिवाजी महाराजांनी १६८० च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने गाजवलेला हा किल्ला. आत आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर. दादांनी हे सगळं एका वाक्यात गुंडाळलं आणि तटावर चढून आपल्या खऱ्या कामाला लागले. पॉइंट पाडायला.

माथेरानात जन्म काढलेल्या माणसाला पॉइंटशिवाय निसर्ग दिसत नाही. तिथे पॅनोरमा, लुईझा, एको, पॉर्क्युपाइन, जिथे कडा तुटतो तिथे पाटी. समुद्राचं दादांना पहिल्यापासून हेच खटकत होतं. "नुसता सपाट हाय हो. माणसाला उभं कुठे करायचं?" म्हणून त्यांनी त्याची व्यवस्था लावली. तटाचा कोपरा सनसेट पॉइंट झाला, सूर्य डोक्यावर असताना. तोफांजवळ फॅमिली पॉइंट. पाण्यात माना खुपसणाऱ्या बगळ्यांचा बर्ड पॉइंट. वर घिरट्या घालणारे कुरव त्यांनी 'समुद्री कबुतरं' म्हणून खपवले. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरली होती. मुलीने विचारलं, "हे कोणी केलं?" दादा म्हणाले, "नगरपालिका." तेवढ्यात वाटाण्याएवढा एक खेकडा बिळातून आला, वाळू तोंडात घालून तिच्यातलं खाणं शोषून घेतलं, उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवली आणि आत गेला. दादांनी पापणी न हलवता सांगितलं, "हां, त्यांचाच माणूस हाय."

दुपारी किहीम. इथे दादांनी सालिम अलींची गोष्ट काढली. "फार मोठे साहेब. नोकरी गेली म्हणून इथे येऊन पक्षी बघत बसले." मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण हे अक्षरशः खरं होतं. सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगणारे गाईड-व्याख्याते होते. जर्मनीत शिकून १९३० साली परतले, तर ती जागाच रद्द झालेली. मग ते किहीमला राहिले आणि त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं ते असं, की नर अर्धंच घरटं विणतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येऊन तपासते. तिला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसऱ्या घरट्याला हात घालतो.

हे आठवून मला दादांचा अख्खा धंदा समजला. ते गोष्ट कधीच पुरी सांगत नाहीत. आधी अर्धी विणून गिऱ्हाइकापुढे टांगतात. "इथे एक भुयार हाय..." असं म्हणून थांबतात. समोरच्याने "कुठे जातं?" विचारलं, तर भुयार थेट मुरूडपर्यंत जातं. नाही विचारलं, तर ते तिथेच सोडून पुढच्या फांदीवर नवी गोष्ट. एका शिंदीला गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी लोंबत होती, काही पुरी, बरीचशी अर्धी. दादा त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. "ह्यांना पसंती नाय मिळाली," म्हणाले. आवाजात व्यावसायिक सहानुभूती होती.

परतताना पांढऱ्या कांद्यांच्या चार माळा, सुकटीची एक पिशवी आणि पेणपर्यंत साडूचा मुलगा असा परिवार होता. सुकटीच्या वासाने मेव्हणा खिडकीला चिकटला. त्याच्या कॅमेऱ्यात दिवसभरात बगळे, कुरव, खेकडा, घोडा आणि मावशींचं हसू एवढे वन्यजीव जमले होते. खोपोलीला माळा उतरल्या, कर्जतला सुकट उतरली. आणि कर्जतच्या पुढे, अंधार पडल्यावर, दिवसात पहिल्यांदाच गाडीत फक्त आम्ही होतो. प्रायव्हेट. ठरलं होतं तसं. दादा गप्प होते. डावीकडे माथेरानचा डोंगर आभाळापेक्षा थोडा जास्त काळा दिसत होता.

मध्येच त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि ती थांबवली. मला वाटलं, आता कोण चढणार? दिव्यांच्या झोतात, रस्त्याच्या मधोमध, दोन लालभडक ठिणग्या चमकत होत्या. दादांनी दिवे बारीक केले. डोळे सरावल्यावर दिसलं, की वाळक्या पानासारखा एक पक्षी तापलेल्या डांबराला पोट लावून बसलाय.

"रातवा," दादा हळू आवाजात म्हणाले.

मागून एक गाडी आली आणि हॉर्न वाजवू लागली. दादांनी खिडकीतून हात काढून तिला थांबवलं. दादांनी हात दाखवून कुणाला थांबवलं आणि दोनच सीट बाकी असल्याचं सांगितलं नाही, असं बहुधा पहिल्यांदाच घडत असावं. मिनिटभर दोन्ही गाड्या उभ्या होत्या. मग रातवा आवाज न करता उठला आणि झाडीत विरून गेला.

मेव्हण्याने कॅमेरा उचललाच नव्हता. तो पुढे वाकून म्हणाला, "दादा, याच्याबद्दल सांगा ना काहीतरी."

दादांनी गिअर टाकला.

"त्यात काय सांगायचं? आपल्याकडचाच हाय."